चादरींची रात्र

रेडिओवरची बाई म्हणाली, आज रात्री जमिनीलगत उणे दोन.
म्हणाली अशी, जणू दुसऱ्याच कुणाच्या गावाबद्दल बोलतेय.
जून लागून चार दिवस झालेत.
तांपेरेच्या या टोकाला, तळ्याच्या वरच्या अंगाला
आमचे भाड्याचे बगिचे, एकाला एक खेटून,
आणि प्रत्येकात काडेपेटीएवढं लाकडी खोपटं.

सात महिने पांढऱ्याकडे बघत काढले आम्ही.
मग मे सरता सरता सगळं एकदमच,
गाडी चुकेल म्हणून धावत सुटलेल्या माणसासारखं:
बर्च रात्रीत हिरवे,
तुओमीचं झाड नखशिखान्त फुललेलं, त्याच्या वासाने डोकं धरतं,
ट्युलिप तर असे उघडे की आत बघायलाही संकोच वाटावा.
मी ट्राम चालवते. परवा शेवटच्या थांब्यावर
युनिफॉर्मच्या खिशात मूठभर माती सापडली.
फेकली नाही.

रात्रीचे दहा, आणि ऊन अजून कुंपणावर.
सायमी आली, कवेत जुन्या चादरींचा ढीग.
"तुझ्याकडे किती?"
"चार. आणि एक पडदा."
मग आम्ही निघालो एकेका वाफ्यावरून,
स्ट्रॉबेरीची फुलं आधी,
त्यांना पहाटेची थंडी लागली की मधोमध काळं पडतं,
दृष्ट लागू नये म्हणून तीट लावावी तसं,
फक्त लागायची ती लागून गेलेली असते.
मग भोपळ्याची रोपं, मग झेंडू, तो इथे फार नाजूक, कुंडीतला पाहुणा.
विटा ठेवल्या कोपऱ्यांवर. चिमटे लावले.
पलीकडे ताइस्तोने बायकोचा फुलाफुलांचा गाऊन
गुलाबाला घातला, बटणंसुद्धा लावली.

सतरा नंबरपाशी दोघी थांबलो.
उर्पोचा बगिचा. उर्पो दवाखान्यात, खुब्याचं हाड मोडून.
सहा वर्षं त्याने आमच्याशी भांडण चालवलंय
कुंपणाच्या झुडपांच्या उंचीवरून, टेप घेऊन, सेंटिमीटरमध्ये.
त्याच्या खोपटाच्या भिंतीला पिओनी,
कळ्या सुपारीएवढ्या, घट्ट,
त्यावर मुंग्यांची ये-जा, जणू आत काही शिजतंय.
सायमी म्हणाली, "याच्यासाठी चादर उरलेली नाही."
मी म्हटलं, "नाहीच."
जरा वेळ कुणी हललं नाही.
मग तिने अंगातला स्वेटर काढला,
मी गळ्यातली शाल.
पुरेना. खोपटाच्या दारामागे त्याचाच रेनकोट होता,
तोही घेतला.

रात्र म्हणायला झाली. अंधार असा पडलाच नाही,
नुसता उजेड जरा मागे सरकून बसला.
बगिचाभर पांढरी गाठोडी,
धोब्याने विसरून ठेवल्यासारखी,
आणि मध्ये एक कोकिळा तळ्यापलीकडून,
मोजावी तितकी कमी.

पहाटे पाचला गवत करकरत होतं बुटांखाली.
आधी कॉफी. हात गरम झाल्यावाचून उचलायचं नाही,
हा सायमीचा नियम.
मग एकेक चादर, सावकाश,
झोपलेल्या पोराच्या अंगावरची काढावी तशी.
स्ट्रॉबेरी पांढऱ्या. पिवळे डोळे शाबूत.
झेंडू दोन गेले. भोपळा रागावला आहे, पण आहे.
ट्युलिपना कुणी झाकलंच नव्हतं,
ते माना टाकून पडलेले, आणि ऊन लागताच
काहीच न घडल्यासारखे उठून उभे.

दवाखान्यात फोन लावला.
"उर्पो, थंडी पडली होती. तुझ्या पिओनीला काही झालं नाही.
अकरा कळ्या आहेत."
तो बराच वेळ काही बोलला नाही.
मला वाटलं, आता झुडपांचं काढणार.
"बारा," म्हणाला. "एक खाली आहे, भिंतीच्या बाजूला.
पान बाजूला करून बघ."

मी गुडघे टेकले. माती गार, ओली.
पान बाजूला केलं.
सायमी वरून विचारतेय, आहे का, आहे का,
आणि मी उत्तर द्यायचं सोडून तशीच बसलेय,
पाठीवर ऊन घेत.